नऊ नंबरचा तुकडा

घोटी, ६ जानेवारी २००८

चि. पल्लवीस आत्याचा सप्रेम जय भीम. वि. वि.

पत्र तुला असले तरी धरणाकाठच्या आमच्या गटातल्या चौदा बायकांच्या वतीने लिहिते आहे. मासा आम्ही पकडायचा, सोलायचा, कापायचा, खारवायचा, आपापल्या नावाच्या पुडीत भरायचा. पण तो कोणता, हे बाजाराने ठरवायचे, हे आम्हा सगळ्यांचे दुखणे. नाशिकचे खानावळवाले गोरक्ष शेटे यांनी आमचा माल परत केला. म्हणतात, मरळ सांगून तुम्ही स्वस्तातला मांगूर घालता. महिनाअखेरपर्यंत खोटे ठरवा, नाहीतर दुसरीकडून घेतो. एवढे एकच मोठे गिऱ्हाईक आमचे. त्यांच्या गल्ल्यासमोर मी अर्धा तास बोलले. जेवणारे घास हातात धरून ऐकत राहिले, शेटे मात्र ढिम्म.

तू मुंबईला माशांच्याच प्रयोगशाळेत शिकतेस. तुझा भाऊ मयूर तिकडे येतो आहे, त्याच्याबरोबर परत आलेल्या मालातले चौदा तुकडे पाठवते. वाटेत खराब होणार नाहीत, याची काळजी घेतली आहे.

तुझी आत्या,
कुसाबाई

मुंबई, ९ जानेवारी

ती. आत्यास सप्रेम जय भीम.

तुकडे पोचले. लसूण-मसाला लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तळलेले. आमचे सर म्हणाले, तपासणीला इतका चविष्ट नमुना पूर्वी आला नव्हता. तळलेल्या माशाचाही डीएनए मिळतो गं, पण सगळे एका तेलात, एका डब्यात. कोणाचा तुकडा कोणता, हे कसे कळणार?

आता नीट वाच. प्रत्येकीच्या पुडीतला एक तुकडा, वेगळ्या पिशवीत, नंबर घालून. सुरी दर वेळी धुवायची. मसाला नको. कातडी, खवले गेले तरी मांसाच्या कणाकणात माशाची जात लिहिलेली असते. ती वाचायची आणि ओळखीच्या माशांशी ताडून पाहायची. तिथे भाषणाचा उपयोग नाही, आधीच सांगते.

आशीर्वाद असू द्यावेत.
पल्लवी

घोटी, १३ जानेवारी

चि. पल्लवीस जय भीम.

कोरडे, बेचव चौदा तुकडे पाठवले आहेत. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला असे अन्न पाठवले. तुझ्या यंत्राला एक विचार: माणसाच्या मांसात जात सापडते का? गटात पैज लागली आहे, मी म्हणते नाही.

आत्या

मुंबई, २४ जानेवारी

ती. आत्यास सप्रेम जय भीम.

पैज तू जिंकलीस. सर म्हणाले, यंत्राला फक्त माणूस दिसतो.

तेरा तुकडे मरळ. नऊ नंबरचा मांगूर. मी तीनदा तपासले. आत्या, कागदावर जे निघाले तेच लिहिले आहे. तुझ्यासाठीसुद्धा बदलता येणार नाही. रागावू नकोस.

पल्लवी

घोटी, ३१ जानेवारी

चि. पल्लवीस आत्याचे खूप खूप आशीर्वाद.

कागद बदलला असतास तर रागावले असते.

नऊ नंबर लंकाबाईचा. डिसेंबरात तिला मुलगी झाली. बाळंतिणीचा वाटा रिकामा ठेवायचा नाही, बाकीच्यांनी भरायचा, ही आमची रीत. यशोदाबाईची पाळी होती. जाळ्यात काही आले नाही, म्हणून भाऊ पुंजारामच्या शेततळ्यातला मांगूर तिने आणला आणि घरीच सोलून, कापून पुडी भरली. मैत्रिणीची पुडी रिकामी जाऊ नये, एवढेच तिच्या मनात. सांगताना ती रडली, आणि लंकाबाई लेकीला तिच्या मांडीवर ठेवून तिलाच दटावत होती.

काहीजणी म्हणाल्या, नववा कागद मागे ठेवू. मी म्हटले, एवढी वर्षे बाजार आपल्यावर खोटेपणाचा आळ घेतो आहे. तो खरा करून द्यायचा का? काल चौदाहीजणी चौदा कागद घेऊन नाशिकला गेलो. नऊ नंबरचा मी सगळ्यात वर ठेवला होता. शेट्यांनी वाचला. म्हणाले, इतके व्यापारी माल घालून गेले, स्वतःची चूक दाखवायला कोणी आले नव्हते. सोमवारपासून माल सुरू. शिवाय आम्हाला जेवू घातले. यशोदाबाईने त्यांच्या रश्श्यात चिंच कमी असल्याचे तोंडावर सांगितले, तेव्हा कळले की बाई सावरली.

बाळंतिणीचा वाटा आम्ही भरतच राहणार. पण आता एक काम कर. खालचे वाक्य संगणकावर मोठ्या अक्षरांत छापून पाठव, गटाच्या भिंतीवर लावायचे आहे:

बायांनो, मासा अख्खा आणा. मुंडके सगळ्यांसमोर, गटाच्या ओट्यावरच उतरवा.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी आत्या,
कुसाबाई