आम्ही खाली सह्या करणारे

ती. अक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता काय म्हणतो? मागच्या पत्रात तू "बरा आहे" एवढेच लिहिलेस. तू इतक्या थोडक्यात लिहिलेस म्हणजे मला लगेच शंका येते. ते नवीन डॉक्टर फार हसतात असे तूच म्हणाली होतीस. एवढे हसण्यासारखे त्यांना तुझ्या गुडघ्यात काय दिसले, ते जरा विचार. माझी तब्येत ठीक म्हणायची. चिरंजीवांनी रक्तदाब मोजायचे यंत्र आणून दिले आहे, पण ते दर वेळी वेगळा आकडा सांगते, तेव्हा त्याच्यावर माझा भरवसा नाही. इकडे सर्व खुशाल आहेत असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात खुशाल कोणी नाही. (हे वाचताना शेजारी कोणी बसले असेल तर आधी त्याला काहीतरी आणायला पाठव.) फोन न करता पत्र का लिहिले, असे तू विचारशील. फोनवर ज्या कंपनीवाल्यांबद्दल बोलायचे, फोन त्यांच्याच ताब्यात असल्यावर माणसाने बोलायचे कसे?

तर मुद्दा सूनबाईचा. तिने हिशेब खात्यातली चांगली नोकरी सोडली आणि मागच्या खोलीत, जिथे माझे हत्यारांचे कपाट होते, तिथे टेबल मांडून अ‍ॅप करायला बसली, हे तुला ठाऊक आहेच. (कपाट आता माझ्या पलंगाच्या उशाशी आहे. एका परीने बरेच झाले, नजरेसमोर राहते.) त्या अ‍ॅपचे नाव "कोणाकडे". हे माझ्यामुळे सुचले, असे ती स्वतः सगळ्यांना सांगते. मी दिवसभर घरात "माझी पकड कोणाकडे आहे? शिडी कोणाकडे गेली?" असा ओरडत फिरायचो. एक दिवस ती म्हणाली, बाबा, तुमचा हा सगळा आरडाओरडा मी फोनमध्ये भरते, म्हणजे घरात शांतता होईल. आपण कोणाला काय वापरायला दिले ते त्यात टिपून ठेवायचे. फार दिवस झाले की अ‍ॅप त्या माणसाला आपणहून गोड शब्दांत आठवण करते. आपल्याला वाईटपणा नाही. चांगली दोन वर्षे मान मोडून तिने ते केले. नवराबायकोत ठरले होते की या वर्षात अ‍ॅप उभे राहिले तर ठीक, नाहीतर पुन्हा नोकरी. तिच्या जुन्या साहेबांनी तिची खुर्ची या महिनाअखेरपर्यंत रिकामी ठेवली आहे. त्या खुर्चीचे नाव निघाले की पोरीचा चेहरा असा होतो की मी उठून बाहेर जातो.

आता अ‍ॅप तयार झाले म्हणजे लोकांना नेऊन देता येते, असे तुला वाटेल. मलाही वाटले होते. तसे नाही. फोनात एक बाजार असतो, त्या बाजारातूनच जावे लागते, आणि बाजाराच्या दाराशी एक परीक्षक बसलेला असतो. तो कोण, कुठला, कोणाचा, काही कळत नाही. पहिल्यांदा त्याने कळवले की या अ‍ॅपचा लोकांना पुरेसा उपयोग दिसत नाही. (अक्का, माझी शिडी समोरच्या शेजाऱ्याकडे जाऊन किती काळ झाला ते त्याला कोणी सांगावे!) मग सूनबाईने त्यात आणखी सोयी घातल्या, तर म्हणाला, आता हे फार काही मागते, लोकांच्या ओळखीपाळखीची नावे तुम्हाला कशाला हवीत? आता वस्तू नेणाऱ्याचे नाव नको तर काय वस्तूचे गोत्र लिहायचे? तिसऱ्या वेळी म्हणे, आत शिरताच आले नाही. तिने त्याच्यासाठी वेगळे खाते उघडून, त्याची किल्ली ठळक अक्षरांत लिहून दिली होती. मी कुलुपांच्या कारखान्यात जन्म काढला आहे. हातात किल्ली असताना जो दार उघडत नाही, त्याला आत जायचेच नसते. शेवटी वैतागून तिने एक अक्षरही न बदलता तेच अ‍ॅप पुन्हा धाडले, आणि पास झाले! घरात सगळ्यांनी आनंद केला. मी मात्र म्हटले, इथे पाणी मुरतेय. काल जे नापास ते आज पास कसे? चिरंजीव म्हणाले, बाबा, पास झाले त्यातही तुम्हाला खोटच दिसते का?

आणि माझेच खरे झाले. महिनाभरात तसलेच दुसरे अ‍ॅप बाजारात आले. तोच रंग, तीच शिडीची खूण, फक्त आमची शिडी उजवीकडे झुकलेली तर त्यांची डावीकडे. त्यांनी जाहिरातीला पैसे मोजले, म्हणून आमच्या अ‍ॅपचे पूर्ण नाव घालून शोधले तरी आधी ते पुढे येते. म्हणजे आपल्या घरचा पत्ता विचारणाऱ्याला शेजाऱ्याच्या ओट्यावर नेऊन बसवायचे, आणि वर येईल त्या कमाईतला जवळजवळ तिसरा हिस्सा आपल्याकडूनच कापून घ्यायचा. सूनबाई म्हणते, बाबा, सगळ्यांनाच हाच नियम आहे. सगळ्यांना एकच नियम असला म्हणजे तो न्याय होतो, हे मला अजून पटलेले नाही.

तिने सांगितले की वर यायचे तर लोकांनी तारे द्यायला हवेत आणि अभिप्राय लिहायला हवेत. एवढेच ना? मग मी कशाला आहे? अभिप्राय म्हणजे शेवटी अर्जच, आणि अर्जाची गोष्ट मला कोणी शिकवू नये. आमच्या कारखान्यात पॉलिश खात्यात पंखे नव्हते. आधी ज्याने त्याने आपापली तक्रार लिहून दिली, तर मॅनेजर म्हणाला, एक म्हणतो उकाडा, एक म्हणतो धूळ, तुमच्यातच एकवाक्यता नाही. मग आम्ही एकच मजकूर केला, खाली सगळ्यांनी सह्या ठोकल्या, आणि पंखे आले. तेव्हापासून मी ते पक्के धरून आहे: मजकूर एक हवा आणि माणसे भरपूर हवीत. मी न्हाव्याच्या दुकानात कारखान्यातली जुनी मंडळी जमवली. पॉलिशवाला आला, हवालदार आला (हवालदार हे नुसते मिशांमुळे), गप्प्यासुद्धा आला. मजकूर मी सांगितला: "सदर अ‍ॅप अत्यंत उपयुक्त असून आम्ही खाली सह्या करणारे त्याबद्दल पूर्ण समाधानी आहोत. तरी याचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती." निम्म्या मंडळींकडे बटणांचे फोन, म्हणून कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याने माझ्याच फोनवर प्रत्येकाच्या नावाचे खाते उघडून दिले. टकल्या बिचारा मागच्या वर्षी वारला, पण त्याने आयुष्यात एकही अर्ज सहीवाचून जाऊ दिला नव्हता, म्हणून त्याचेही नाव घातले. सगळ्यांचे पाच-पाच तारे. सूनबाईला काही बोललो नाही. म्हटले, तिला एकदम आनंद होऊ दे.

तो आनंद व्हायच्या आतच घात झाला. चार दिवसांत बाजाराने अ‍ॅप उचलून बाहेर फेकले. पत्र आले की तुमच्या अ‍ॅपबाबत गैरप्रकार आढळला आहे. कोणता, ते नाही. कोणी केला, तेही नाही. सूनबाईने विचारले तर उत्तर आले की आपली अडचण आम्ही समजू शकतो, आपला दिवस आनंदात जावो. तिने पुन्हा विचारले, पुन्हा तेच उत्तर, फक्त खालचे नाव वेगळे. आणि नाव म्हणजे नुसतेच नाव, आडनाव नाही! आडनाव लपवणारा माणूस आणखी काय काय लपवत असेल! पोर दोन दिवस त्या टेबलाशी नुसती बसून होती. जेवायला हाक मारली तर "आले" म्हणायची, आणि यायची नाही.

तेव्हा मी तपास हातात घेतला. पहिला संशय अर्थातच समोरच्यावर. अ‍ॅप त्याला माझ्या शिडीची आठवण करून करून थकले होते, तेव्हा चुगली करायला त्याच्याकडे कारण होते. मी सहज गेल्यासारखा गेलो आणि म्हटले, काय हो, हल्ली कुठे तक्रार-बिक्रार केली का? तो म्हणाला, "काका, तक्रार करण्याइतकी हालचाल माझ्याच्याने होत असती, तर तुमची शिडी नसती का परत केली?" या उत्तरात तथ्य आहे, म्हणून त्याला तूर्त सोडले. मग मोबाईलवाला. त्याच्या दुकानात ती डावीकडे झुकलेली शिडी एका फोनवर मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसली. विचारले तर म्हणाला, गिऱ्हाइकाचा फोन आहे, काच बदलायला आलाय. असेल! मग माझा संशय, सांगायला लाज वाटते, चिरंजीवांवर गेला. बायको पुन्हा नोकरीला लागली तर बरे, असे तो मागे एकदा बोलून गेला होता. मी त्याच्याकडे जेवताना सारखा बघत राहिलो, तर म्हणाला, "बाबा, मीठ हवंय का?" इतका निरागस चेहरा मी आजवर पाहिलेला नाही, आणि म्हणूनच तो अजून माझ्या संशयितांत आहे.

बाकी सर्व ठीक. भाऊजींना नमस्कार, मुलाबाळांना आशीर्वाद. गुडघ्यावर जोर देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र पाकिटात घालणार, एवढ्यात चिरंजीव आले. बाजाराने शेवटी गैरप्रकार कोणता ते सांगितले. म्हणे, एकाच फोनवरून, एकाच मजकुराचे, खोट्या माणसांचे अभिप्राय. अक्का, खोटी माणसे! पॉलिशवाला खोटा? त्याचे दोन्ही तळहात एकदा बघावेत त्यांनी. हवालदार खोटा? टकल्या एक वेळ नाही म्हणू, पण तोसुद्धा खोटा कधीच नव्हता. मजकूर एक होता कारण सगळ्यांचे म्हणणे एक होते. माझी चूक झाली असे मी मुळीच म्हणत नाही. फक्त फोन कोणाचा, हे मी अजून घरात सांगितलेले नाही.

ता. क. २. खरे काम आता लिहितो. सूनबाईला एकदाच दाद मागता येणार आहे. त्यात विचारले आहे की हे अभिप्राय लिहिणारे तुमच्या ओळखीचे आहेत का. ती "नाही" लिहिणार, कारण तिला माहीतच नाही. ते खोटे निघाले तर तिला बाजाराचे दार कायमचे बंद, मग खुर्ची आहेच. मी तिच्या दारापर्यंत जाऊन आलो. एकदा पंखा वाढवू का विचारले, एकदा कमी करू का विचारले. तोंडातून पुढचे निघत नाही. तू तिची लाडकी आत्या. तर अक्का, तू तिला फोन कर आणि माझ्या वतीने सांग. रागावली तर तुझ्यावर फार वेळ रागावणार नाही.

ता. क. ३. फोन करू नकोस. झाले. काल ती दाद मागण्याचा कागद टंकता टंकता मोठ्याने वाचत होती: "या व्यक्तींना आम्ही अजिबात ओळखत नाही." गप्प्याचे नाव आले आणि माझ्याच्याने राहवले नाही. मी म्हटले, गप्प्याला ओळखत नाही कसे म्हणतेस? तुमच्या लग्नात पंगतीत तोच तर वाढत होता! ती टंकायची थांबली. मग एकेक नाव विचारत गेली आणि मी सांगत गेलो. टकल्यापाशी आलो तेव्हा म्हणाली, "बाबा, ते तर वारले ना?" मी म्हटले, हो, पण ओळखीचेच. तिने डोके टेबलावर ठेवले. खांदे हलत होते. मी घाबरून पाणी आणले, तर रडत नव्हती, हसत होती. (थोडी रडतही होती. मी नीट पाहिले.) मग तिने आधीचे सगळे पुसले आणि खरे ते लिहिले: या सर्वांना आम्ही ओळखतो, ते सासऱ्यांचे सोबती आहेत, त्यांना अभिप्राय म्हणजे अर्ज वाटला, आणि त्यांतले एक हयात नाहीत.

आज उत्तर आले. सगळे अभिप्राय काढले, अ‍ॅप परत लावले, पण अगदी तळाशी, त्या डाव्या शिडीच्याही खाली. पुन्हा असे झाल्यास कायमचे बंद. आणि शेवटी एक ओळ: आपल्या दिवंगत सोबत्याबद्दल वाईट वाटले. खाली आडनाव नाहीच, पण अक्का, तिचा कागद कोणीतरी खरोखर वाचला होता. सूनबाईने ती ओळ मला दोनदा वाचून दाखवली, मग साहेबांना फोन लावून सांगितले की खुर्ची दुसऱ्या कोणाला देऊन टाका.

माझ्याशी ती सकाळपासून नीट बोलत आहे, हे मला जरा संशयास्पद वाटत होते. आत्ता कारण कळले. तिने तिच्या अ‍ॅपमध्ये नवीन नोंद केली आहे. वस्तू: बाबांचा फोन. कोणाकडे: माझ्याकडे. (म्हणजे तिच्याकडे.) परत कधी, ती जागा रिकामी आहे.