होल्याचं पिल्लू आता तुमच्या हाती

बाबा,

मी ड्युटीवर निघाले. तुमचा डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. होल्याचं पिल्लू खिडकीखाली बुटांच्या खोक्यात आहे.

काल दिवसभर मी त्याच्याशी झटले, पण चोच उघडेल तर शपथ! शेवटी तुम्ही "आण इकडे" म्हणालात, तेव्हा मी कचरतच खोकं पुढे केलं. घड्याळांचं दुकान बंद केल्यापासून तुम्ही आमच्यासमोर चहाचा कपसुद्धा उचलत नाही. आणि काल त्याच थरथरत्या हातात टोक कापलेली सिरिंज धरलीत, तर पठ्ठ्याने आत चोच खुपसून सगळं फस्त केलं!

संध्याकाळी पक्ष्यांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, होल्याची आई भरवताना अशीच थरथरते. स्थिर हात त्याला परका वाटतो." बाबा, तीस वर्षं तुम्ही बारीक चाकं बसवलीत, तेव्हाही मला तुमचं इतकं कौतुक वाटलं नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलेली पावडर खोक्याशेजारी ठेवली आहे, ती कोमट पाण्यात पातळ कालवा. गळ्याखालची पिशवी रिकामी झाली की मगच पुन्हा द्या. चोचीत ओतू नका, त्याचं त्याला ओढू द्या.

आईला मी यातलं काही बोलले नाही. ती बाजारातून आली की तिच्यादेखतच भरवा. आत जाऊन दार लावून घेऊ नका.

तुमची,
ठमी