किडनीवर निभावलं

अव्वा, तू जाऊन बरीच वर्षं झाली. तू होतीस तेव्हा पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. एसटीत बसलं की गडहिंग्लजचं माहेर, आणि तू दारातच असायचीस. शेवटी शेवटी मात्र मी पायऱ्या चढून आले की पदर सारखा करत विचारायचीस, "कुठनं आलासा पावणं? बसा की, च्या टाकते." मी बसायचे. तू आधण ठेवून तिथंच उभी, पुढं काय करायचं ते न सुचून, आणि मी पाटावरून बघतेय.

यंदा माझंही काहीतरी सुरू झालं. शब्द तोंडाशी येऊन अडतात, शेजारणीचं नाव सापडत नाही. कोल्हापुरातल्या डॉक्टरीणबाईंना माझ्या आईचं म्हणून तुझं सगळं सांगितलं. स्मृतिभ्रंशाची चाहूल म्हणे आता रक्तातल्या एका प्रथिनावरूनही लागते. रक्त दिलं. रिपोर्ट फोनवर आला, त्या प्रथिनाचा आकडा वाढलेला. त्या संध्याकाळी बावड्याच्या आमच्या घरातला तुझा फोटो मी भिंतीवरून उतरवला आणि कपाटात साड्यांखाली पालथा घातला. यांनी विचारलं, तर म्हटलं काच पुसायचीय. खरं तर मला तुझा राग आला होता, जणू तू मुद्दाम हे माझ्या अंगात ठेवून गेलीस.

डॉक्टरीणबाईंनी आणखी तपासण्या करायला लावल्या. मग समोर बसवून म्हणाल्या, "तुमची किडनी मंदावलीय. इतक्या वर्षांची साखर, तिचाच हा परिणाम. किडनी नीट चालत नसली की ते प्रथिन रक्तात साठतं आणि आकडा फुगलेला दिसू शकतो. नुसत्या या रिपोर्टवर मी काही ठरवणार नाही."

"मंजी डोकं बरं हाय?"

"तेही आज सांगता येणार नाही. स्मरणशक्तीची चाचणी घेऊ, मग सगळं एकत्र बघू."

हे शेवटचं मी कानाआड केलं. रिक्षात हसू आवरेना. हे चिडले. "बाई किडनीचं सांगत्यात, आन तू हसतीयास व्हय?"

"किडनीवर निभावलं की," मी म्हणाले.

बोलून गेले, मग माझंच बोलणं मला कळलं. पथ्य, डायलिसिस, काय व्हायचं ते होऊ दे, फक्त तुझ्यासारखं नको, एवढंच मनात होतं. म्हणजे हसतमुखानं तुझ्यासमोर बसायचे तेव्हाही आतून मी तुला असंच बघत असणार. तू मला ओळखत नव्हतीस, तरी चहा विचारत होतीस. मी तुला ओळखत होते आणि घाबरत होते. फोटो परत लावलाय, पण त्याच्यासमोरून जाताना मान वर होत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तुलाच सांगते. चाचणीची वेळ परवा होती. मी एकटीच दवाखान्याच्या दारापर्यंत गेले, आतली खुर्च्यांची रांग बघितली आणि तशीच मागं फिरले. यांना वाटतंय, मी चाचणी देऊन आले आणि त्यात पास झाले.