भिंगरीच्या वेण्या

काचेपलीकडून, फोन कानाला लावून, सगळ्या बायांदेखत माझ्यावर खेकसलास, की पोरीचे केस का कापले, म्हातारीला दोन वेण्या घालणंही जड झालं का. पोर शेजारी होती म्हणून ऐकून घेतलं. नाहीतर मी ऐकून घेणारी नव्हे.

प्रिय बाळा,

हे पत्र तुझ्याआधी तुमचा जेलर साहेब फोडून वाचणार. वाचू दे, त्याच्यासाठीही चार ओळी आहेत.

तुझी बाजू मी घेत नाही. गोदामातला माल तू हलवलास की नाही, ते कोर्टानं सांगावं. पण कोर्ट नुसत्या तारखा देतं. गेल्या तारखेला पोलिसांची गाडी नव्हती म्हणून तुला नेलंच नाही. गाडी त्यांची, खोळंबा आपला. बायको तुझी पहाटे लाँड्रीत जाते, तिथं नवरा परगावी असतो म्हणून सांगते. शेजारीण वाटीभर साखर मागायला यायची, ती आता आम्हाला बघून दार लावून घेते. जसा काही तुरुंग आमच्या अंगाला चिकटून घरी येतो.

आम्ही कुठल्या दारानं आत येतो, ते तुला काचेमागून दिसत नाही. तिथं पडद्याआड एक झडतीवाली आहे. हातमोजे तेच, सगळ्यांना. माझा अंबाडा सोडते, तोंड उघडायला लावते. माझं सोड, मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. पण ती भिंगरीच्या वेण्या सोडते, बोटं खुपसून टाळू चाचपते, आणि पोर भिंतीकडे बघत उभी राहते. किळस येते मला त्या हातांची. फणी आत नेता येत नाही, म्हणून मग बाकावर आम्ही बाया एकमेकींचे केस बोटांनीच विंचरतो. ओळख ना पाळख, पण आत बसलेल्यापुढं झिंज्या घेऊन कोण जाणार? मी साहेबाला विचारलं, एवढीशी पोर वेणीत करवत आणणार आहे का. म्हणाला, नियम आहे. तर पुढच्या भेटीला आम्ही सगळ्याजणी त्याच्या दारात बसणार आहोत. लेकरांच्या डोक्याला हात लावायचा नाही, असं ठरल्याशिवाय उठणार नाही. वाचतोयस ना, साहेबा?

आता केसांचं. मी नाही कापले. भेटीच्या आदल्या दिवशी तिनंच शिवणाच्या कात्रीनं कापले. वेणी नसली की ती बाई हात लावणार नाही, असं तिला वाटलं. बाईनं तरी चाचपलंच. बायको कामावर गेली की ज्या वेण्या तू रोज घालायचास, वाकड्या का होईना, त्याच तिनं कापल्या. कापताना रडली नाही. तू खेकसलास, मग घरी येऊन मोरीत बसून रडली. बाबांना सांगू नको म्हणाली, त्यांना आत वाईट वाटेल. वाटू दे. आता म्हणते, केस वाढेपर्यंत भेटीला येत नाही.

उत्तर मला नको, बायकोलाही नको. भिंगरीला लिही. कोठडीतल्या कुणा शिकलेल्याकडून लिहून घेऊ नकोस, तुझ्या त्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरातच लिही. आणि साहेबा, ते पाकीट तिचं तिला फोडू दे.

तुझीच,
आई