माझ्या आवाजातला फोन

२ डिसेंबर
आज रुजू झाले! चारठाण्याच्या पुढचं हे गाव. दोन खोल्यांचं आरोग्य उपकेंद्र, दारात कडुलिंब. मानवतहून आई सोडायला आली होती. इथल्या आशाताई सरजाबाई यांना म्हणाली, लेकीकडं ध्यान असू द्या. त्या म्हणाल्या, आता ही आमची सिस्टर हाय, तुमी बिनघोर जा.
टेबल पुसलं, गरोदर बायांचं रजिस्टर उघडलं. एकोणीस जणी. बऱ्याच जणींचे नवरे ऊसतोडीला गेलेले. कोरा एप्रन घालून, टेबलाशी बसून व्हिडिओ काढला. गावाबद्दल, कामाबद्दल लय बोलले. टाकल्याबरोबर दोनशे लाइक!

५ डिसेंबर
सरजाबाईंची सून पंकजा तपासणीला आली. सातवा महिना, रक्त कमी. गोळ्या दिल्या. निघताना खाली बघत तिनं विचारलं, कालचे फोटो नीट आले का? कसले, मी म्हटलं. तिनं सांगितलं, म्हणे मीच फोन करून पोटाचे फोटो मागितले होते. कपडे बाजूला सारून. सरकारी तपासणीसाठी.
मी फोन केलाच नव्हता.
ती गेल्यावर व्हिडिओ पुन्हा लावला. माझ्या कोपराशेजारी रजिस्टर उघडं. नावं, मोबाईल नंबर, कितवा महिना, सगळं वाचता येतं.
व्हिडिओ काढून टाकला. कुणाला सांगितलं नाही. नोकरी जाईल, आई काय म्हणेल, एवढंच डोक्यात आलं. पंकजा आलीच नाही डोक्यात.

८ डिसेंबर
आणखी तिघी. एकीला धमकी आली, बोललीस तर नवऱ्याच्या टोळीच्या ग्रुपवर फोटो टाकू. तिनं फोन रेकॉर्ड केला होता. ऐकला. माझा आवाज. दर वाक्यामागं ‘बरं का’ म्हणायची माझी खोडसुद्धा.
ती माझ्याकडं बघत राहिली. मला वर बघवेना.

९ डिसेंबर
पोलिसांकडं जाऊन आले. म्हणाले, व्हिडिओतून आवाज उचलून एआयनं हुबेहूब बनवलाय, असं करता येतं आता. प्रत्येक फोनची वेळ लिहून ठेवा. आणि बायांना आजच सांगा.
अठरा घरं फिरले. एकीनं तोंडावर दार लावलं. बरोबरच केलं.
शेवटचं घर सरजाबाईंचं. त्यांनी चहा टाकला, बशीत बिस्किटं ठेवली, सुनेला म्हणाल्या, सिस्टरच्या पाया पड. पंकजा वाकली.
न सांगताच चहा पिऊन उठले. उद्या सांगते.

१० डिसेंबर
११.१० – सरजाबाई आल्या. पंकजासाठी भाकरीचा डबा घेऊन. पोरगी कुठाय, विचारायल्या. मी म्हटलं, इथं नाही.
“आसं कसं? सकाळी तुमीच फोन केलात की! सोनोग्राफीला नेते, देवगाव फाट्यावर ये म्हणलात.”

११.१६ – सांगितलं. सगळं. त्यांनी डबा टेबलावर ठेवला. एकच म्हणाल्या, काल चहा पिऊन गेलात.

११.२० – पोलीस निघाले फाट्याकडं.

११.२४ – पंकजाला फोन. उचलत नाही.

११.२६ – उचलला. ओरडले, गाडीत बसू नकोस, मी राजेश्री सिस्टर—
“तुमी खोट्या हायत. सिस्टरनं सांगितलंय, माझ्या आवाजात दुसरी कुणी फोन करील, तिचं ऐकू नको.”
जे मी काल सांगायचं होतं, ते त्या भामट्यानं आज—

११.२७ – फोन सरजाबाईंच्या कानाला लावलाय. पंके, मी हाय, पंके, म्हणतायत. मला ऐकू येतंय, पलीकडं गाडीचं दार