परसातला ठसा

४ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

गणवेशांच्या शिलाईने पाठ मोडली आहे, त्यात हा नवा घोर. न्हाणीमागच्या ओल्या मातीत तीन दिवस कसलासा ठसा उमटतो. शेजारीण म्हणते, कुत्रं असेल. कुत्र्याचे पाय मी ओळखते रे! हे बोटीवर, घरात मी आणि चिमणी दोघीच. खरं सांगते, भीती वाटते.

ठशाच्या मापाने खाकी कागद कापून पाठवते आहे. तुझी वीस वर्षं प्राणिसंग्रहालयात गेली, तूच बघून सांग. शिंपीण सुतावरून स्वर्ग गाठते, असं मात्र म्हणू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी धाकटी

९ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

कागद मिळाला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते हेच! अगं, दोनच बोटं, म्हणजे खूर. मागचा गोलवा पाय घसरल्याचा. लहानसं हरीण आहे. चिमणीला म्हणावं, संध्याकाळी कुंपणाशी कोबीची पानं ठेव आणि पायरीवर गप्प बसून राहा, मामाचं हरीण दिसेल.

तिला पापा, तुला धीर.
दादा

१५ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न.

चिमणी माझ्या मांडीवर सुखरूप आहे, आधी एवढं वाच. दारं-खिडक्या लावून लिहिते आहे.

तुझं पत्र आल्यापासून ती तीन संध्याकाळी पायरीवर एकटी बसली. आज सकाळी सदऱ्याची पाठ बेतायला कागद दुमडला आणि हातातली कात्रीच गळाली. जन्माची सवय, दादा! दोन्ही बाजू सारख्या म्हणून तो ठसाही मी घडीवर अर्धाच कापला आणि घडी न मोडता तसाच पाठवला. शिंपी असता तर उलगडून बघितला असता, तुला कसं कळणार? उलगडला की बोटं चार होतात.

धावत परसात गेले. पायरीच्या अगदी खाली ताजा ठसा होता. चार बोटं, नखांची खूण नाही, माझ्या तळव्याएवढा. बिबट्याच ना रे? शेजाऱ्यांनी वनचौकीवर कळवलं आहे, पण तू आल्याशिवाय मी परसाचं दार उघडणार नाही.

चिमणी दार उघड म्हणून रडते आहे. तिला विचारलं, हरीण दिसलं होतं का. म्हणाली, रोज येतं, ठिपक्याठिपक्यांचं आहे. पानांना तोंड लावत नाही, नुसतं तिच्याकडे बघत बसतं, आणि रोज थोडं जवळ येऊन बसतं.

लोभ असेल तर असशील तसा उठून नीघ.
तुझी धाकटी