मागची डावी काच

॥ श्री ॥

टोकावडे,
२ एप्रिल २००६

चि. सौ. गोजर हीस काळूदादाचे आशीर्वाद.

इकडं आमी सगळी ठीक. आईचा गुडघा दुखतो, पण ती एका जागी बसेल तर शपथ. रितेश चार वर्षांचा झाला आणि तोंड चौदा वर्षांचं. तुझी प्रियांका आता पाटीवर लिहीत असेल.

तुझी चिठ्ठी डोळखांबच्या नर्सबाईंनी मुरबाड स्टँडवर माझ्या हातात दिली. दोनच ओळी. "दादा, मला आणि पोरीला येऊन घेऊन जा. परत पाठवायला नको." वाचली. गाडीत बसून परत एकदा वाचली. घरी पत्र नको असा तुझा निरोप नर्सबाईंनी दिला, म्हणून हे तू कामाला जातेस त्या अंगणवाडीच्या पत्त्यावर टाकतोय.

त्याचं बोलूच. आधी इकडची खबर सांगतो.

आपली गाडी, तीच पांढरी, मी कल्याणच्या डॉक्टरांकडून जुनी घेतलेली, अजून चालते. लग्नाची भाडी तिच्यावरच मिळतात. परवा वैशाखरे गावाचं भाडं होतं, आणि रितेशनं हट्ट केला म्हणून त्यालाही घेतला. मागं डाव्या बाजूला बसवला. त्याला गाडी लागते. "बाबा काच उघड, बाबा काच उघड" करून बोंबलत होता. पण ती काच कुठली उघडायला? शेवटी केली काचेवरच उलटी. पाहुणेमंडळी नाकाला पदर लावून बसली आणि मी मेल्याहून मेल्यासारखा झालो.

सात वर्षं ती काच बंद आहे. कधीपासून ते तुला सांगायला नको. तुझ्या पाठवणीला झेंडूच्या माळेची दोरी काचेत गेली आणि मोटर जळली, असं सगळे म्हणतात. म्हणजे मीच सांगितलंय सगळ्यांना. आता घेतलीय बदलायला.

लखमानं इथं गॅरेज टाकलंय. तुझ्या वर्गातला, नाकात बोलायचा तो. त्यानं दाराचं आतलं कव्हर काढलं, काच खाली घसरू नये म्हणून वरनं चिकटपट्टी मारली, आणि आत हात घालून मोटर बाहेर ओढली. एवढीशी असते गो, आमटीच्या वाटीएवढी. त्यानं ती नाकाला लावली आणि म्हणतो, "काळूदा, ही दोरीनं नाय जळली. काच खाली केली की दोरी आपली सुटते. काच वर जाऊन टेकली तरी कुणी बटन दाबून धरलं, तरच अशी जळते."

मी म्हटलं, "तू मोटर बदल. पंचनामा नको करू."

आता तुझं. गोजे, घाईनं काय करू नको. अनंता तापट आहे हे मला ठाऊक आहे. पण आपलं साटंलोटं आहे, विसरू नको. तू त्याच्या घरात, त्याची बहीण रेश्मा माझ्या घरात. त्यानं मागंच मला चारचौघांत सांगून ठेवलंय, "गोजर माहेरी बसली तर माझी बहीण त्याच दिवशी मी उचलून आणीन." रितेश लहान आहे. सगळा विचार करायला लागतो.

आणि गाडीचं दार उघडं पडलंय. ते काम होऊ दे, मग बघू.

तुझा दादा,
काळूराम

*

टोकावडे,
१२ एप्रिल २००६

चि. सौ. गोजर हीस आशीर्वाद.

तुझी दुसरी चिठ्ठी मिळाली. "दादा, काचेचं नको सांगू. येणार का नाय, एवढं सांग."

लहानपणापासून तू अशीच. पाटलांच्या आंब्यावर मी चढलो होतो आणि घरी येऊन आईला पाटलांच्या बैलाची गोष्ट सांगत होतो, तेव्हापण तू मधेच म्हणालीस, "आंबे कुठं ठेवले ते सांग आधी."

काम अजून झालं नाय. कल्याणला जाऊन जुन्या बाजारातनं मोटर आणली. घरी येऊन लावायला गेलो तर तिची भोकंच जुळेनात. लखमा हसून हसून खाली बसला. उजव्या दाराची मोटर घेऊन आलो होतो मी! इतकी वर्षं गाडी चालवतोय आणि मला डावं-उजवं कळंना. दुसऱ्या दिवशी परत कल्याण. दुकानवाला म्हणतो, "मन कुठं होतं शेठ?"

नर्सबाई परत भेटल्या. त्यांनी मला स्टँडच्या मागं बोलावून सांगितलं. अनंता कामाला जाताना बाहेरून कडी लावतो. अंगणवाडीची वेळ झाली की त्याची आई कडी काढते आणि तू परत आलीस की पुन्हा लावते. तुझ्या सुजलेल्या मनगटाचंपण सांगितलं. मी म्हटलं, "बघतो बाई." त्या तशाच वळून बसमध्ये चढल्या. त्या दिवशी मी दोन भाडी सोडली. ढाब्यावर चहा मागवला, तो तसाच राहिला.

तू हे मला लिहिलं नायस. का नाय लिहिलंस? का तुला वाटलं, दादाला सांगून उपयोग नाय?

तीन दिवाळ्या झाल्या, तू आली नायस. आई दर भाऊबीजेला पाट मांडते आणि संध्याकाळी उचलते. अजून मला विचारते, "गोजर त्या दिवशी काचेआडून काय म्हणत होती रे?" मी सांगतो, "आशीर्वाद मागत होती." आई म्हणते, "मग इतकं रडत कशाला मागेल?" म्हातारी विसरत नाय. मी उठून बाहेर जातो.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहिली नाय. लखमानं दार उघडलं तेव्हा आत तळाला, पाणी जायच्या भोकाजवळ, हिरव्या बांगडीचे तीन तुकडे पडले होते. तुझ्या चुड्याचे. काचेच्या फटीतनं आत गेलेले, सात वर्षं तिथंच होते. गाडी खड्ड्यातनं गेली की त्या दारातनं बारीक खुळखुळ यायची. मी सगळ्यांना सांगायचो, स्क्रू ढिला आहे.

लखमानं ते माझ्या तळहातावर ठेवले. आणि पान्हे गोळा करायला लागला.

येणार का नाय, तू विचारलंस. उद्या-परवा मोटर बसते. मग लिहितो.

दादा

*

टोकावडे,
२० एप्रिल २००६

गोजे,

आज खुशाली विचारत नाय. तुझी खुशाली मला माहीत आहे आणि ती कुणामुळं हेपण माहीत आहे.

लग्नाच्या सकाळी तू मला परसात गाठलंस. अंगाला हळद होती. म्हणालीस, "दादा, साखरपुड्याला तो पिऊन आलता. माझा हात पिरगळला त्यानं, कुणाला सांगशील तर बघ म्हणाला. मला नाय जायचं." मी म्हणालो, "लग्न झालं की माणूस सुधरतो." आणि तुला वेड्यात काढून मांडवात गेलो. बाप नाय, मीच मोठा, आणि मी हे बोललो.

पाठवणीला अनंता मित्रांच्या जीपमध्ये नाचत पुढं गेला. तू मागं डावीकडं, शेजारी पाठराखीण म्हणून हिरामावशी. पोरांनी नेहमीसारख्या माळांच्या दोऱ्या काचेत धरून काचा वर केल्या होत्या. आई फाटकाशी उभी होती. मी गाडी सुरू केली, आणि तू बटन दाबलंस. काच चार बोटं खाली आली, माळ सुटून खाली पडली, आणि तू "आई" म्हणालीस. एवढंच बाहेर आलं.

मी माझ्या दारावरचं तुझ्या काचेचं बटन वर ओढलं. काच वर गेली.

दोरी अडकली नव्हती, गोजे. मी धरली होती काच. तू मागं खाली दाबत होतीस आणि मी पुढं वर ओढून धरलं होतं. तू काचेवर हात आपटलेस, बांगड्या फुटल्या. आरशात तुझं तोंड दिसत होतं. "आई, मला उतरव" म्हणत होतीस. मला नीट कळत होतं. हिरामावशी म्हणाली, "रडू नको गो, सगळ्या पोरींना असंच होतं." शाळा मागं गेली, नाका मागं गेला, तरी मी बोट काढलं नाय. मग जळका वास आला. मावशीला वाटलं उदबत्ती.

आईनं तुझं ऐकलं असतं तर तिनं गाडीपुढं आडवं होऊन तुला उतरवलं असतं. म्हणून मी धरली.

लोक काय म्हणतील, पुढं अधिक महिना लागतोय, जेवणावळी उठल्यात, हे सगळं मी नंतर स्वतःला सांगितलं. खरं कारण एकच. दहा दिवसांनी माझी हळद होती आणि मला रेश्मा पाहिजे होती. तू उतरली असतीस तर साटं मोडलं असतं. माझ्या संसारासाठी मी तुला त्या गाडीत कोंडली.

शुक्रवारी मोटर बसली. लखमानं तारा जोडल्या, बटन दाबलं आणि काच सर्रकन खाली गेली. रितेश टाळ्या वाजवत होता. सगळे गेल्यावर मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी मागं तुझ्या जागेवर जाऊन बसलो. रेश्मा भाकऱ्या टाकून बाहेर आली होती. तिला म्हटलं, "पुढं बस आणि ते बटन वर ओढून धर. मी काय पण केलं तरी सोडू नको."

तिनं धरलं. मी मागं खाली दाबलं. काच हलंना. उन्हात गाडी तापली होती. मी दाबतोय, दाबतोय, ती हलत नाय. मिनिटभर झालं असेल नसेल. माझा जीव घाबरा झाला गो. माझ्या अंगणात, माझ्याच गाडीत, दार उघडायला मोकळा असून. तू तर सात वर्षं त्यात आहेस.

रेश्मानं आरशात बघितलं. म्हणाली, "अवो, रडताय कशाला?" तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. बटन तिच्या बोटाखालीच होतं.

तिनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यासाठी धरलं होतं तुमी?"

मी म्हटलं, "हो."

"मला विचारलं होतं?"

"नाय."

"माझा भाऊ कसा आहे ते मला विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं तुमाला, नका देऊ पोरगी. पण तुमा दोघांनी आपसात ठरवलं आणि आमा दोघींना इकडच्या तिकडं केलं." तिनं बोट काढलं. म्हणाली, "आता माझ्यासाठीच जा आणि तिला घेऊन या."

मी म्हटलं, "अनंता तुला न्यायला येईल."

"येऊ दे की! मी काय त्याच्याकडनं आणलेलं भांडं आहे, परत न्यायला? मला कोण उचलून नेतो तेच बघते."

अशी बायको मला मिळाली आणि तिची किंमत तू भरलीस. हे मला आता रोज बघायचं आहे.

आईला पण सांगितलं. वाटलं होतं शिव्या देईल, मारेल. ती एवढंच म्हणाली, "सात वर्षं मला वाटत होतं, मलाच ऐकू कमी येतं." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाय. ताट वाढते, पण बोलत नाय. बरोबर आहे तिचं.

आता नीट वाच. बुधवारी, २६ तारखेला, साडेबाराला अंगणवाडी सुटते तेव्हा मी गाडी दारातच लावणार. आडोशाला नाय, लपून नाय. लखमा येतोय. रेश्मा पुढं बसणार म्हणते, भावाशी तीच बोलणार. आई मागं उजवीकडं. तू सामान काय पण घेऊ नको, प्रियांकाचा हात धर आणि ये. परत पाठवणार नाय. हे मी आईच्या पायाशी बसून लिहितोय.

डावी जागा तुझी. वाटेत काच वर करायची का खाली, ते तू बघ. माझ्या दारावर तुझ्या काचेचं जे बटन होतं ते लखमाला सांगून काढून टाकलंय, तारा सरळ तुझ्या बटनाला जोडल्यात. माझ्या हाताशी आता तिथं नुसतं भोक आहे. लखमा म्हणाला, झाकण लावू का? मी म्हटलं, राहू दे तसंच.

माफी लिहीत नाय. ती मागायची माझी लायकी नाय, आणि तू द्यायची घाई करू नको.

तुझी हाक ऐकूनही काच वर करणारा,
काळूराम